सेकंद वळणावर सांडतात

रविवारी सकाळी पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरवता भुरभुरवता भाच्याने विचारलं, "मामा, गाडीचा एक्झॉस्ट बदलला तर ट्रॅकवर एका फेरीला किती सेकंद कमी होतील?"

मी म्हटलं, "सेकंदांचं सांगता येत नाही, शेजारी मात्र कमी होतील."

तो हसला नाही. एक्झॉस्ट म्हणजे इंजिनाचा धूर आणि गोंगाट बाहेर सोडणारी नळी. प्रकरण गंभीर होतं. दीड वर्ष खपून त्याने इंदूरच्या तिलकनगरमधल्या घराच्या पोर्चमध्ये एक जुनी गाडी उभी केली होती. फायबरग्लासची बॉडी, छत नाही, दोन माणसं जेमतेम मावतील एवढी जागा. वजन सातशे किलोच्या आसपास. ती ट्रकवर चढवून थेट कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवे या ट्रॅकवर नेली, तिथल्या ट्रॅक डेला दिवसभर पळवली, आणि तिथे साठीच्या एका गृहस्थांनी घरच्या साध्या हॅचबॅकने त्याला मागे टाकलं. एकदा नाही, प्रत्येक फेरीत. ते काका दुपारी डबा खाताना त्याला म्हणाले म्हणे, "गाडी छान आहे हो तुमची." हे वाक्य त्याला फार लागलं होतं.

तेव्हा त्याच्यासाठी, आणि त्याच्यासारखे पैसे भलत्या जागी खर्च करायला निघालेल्या सगळ्यांसाठी, हे सविस्तर लिहितोय.

आधी ट्रॅक डे म्हणजे काय ते सांगतो, कारण आमच्या घरात अजूनही सगळ्यांना ती शर्यत वाटते. ती शर्यत नव्हे. फी भरायची, गाडीची तपासणी करून घ्यायची, हेल्मेट घालायचं आणि आपल्या तोडीच्या लोकांबरोबर पंधरा-वीस मिनिटांच्या पाळ्यांमध्ये ट्रॅकवर गाडी चालवायची. पुढे जायचं तर ठरलेल्या जागीच, आणि तेही पुढच्याने हाताने खूण केल्यावर. नंबर नाही, बक्षीस नाही. स्पर्धा असते ती स्वतःच्या मागच्या फेरीशी.

हलक्या गाड्यांचं वेड जुनं आहे. ब्रिटिश इंजिनिअर कॉलिन चॅपमन यांची लोटस सेव्हन १९५७ साली आली. छोटं इंजिन, नळ्यांचा सांगाडा, अनावश्यक असं काहीही नाही. १९७३ पासून तीच गाडी केटरहॅम या नावाने बनते आहे. १९८९ मध्ये माझ्दाने एमएक्स-५ आणली, १९९६ मध्ये लोटसची एलिस आली. पहिल्या एलिसचं वजन सव्वासातशे किलोच्या घरात होतं, म्हणजे आपल्या मारुती ८००पेक्षा पाऊणशे किलोच जास्त. आपल्याकडेही गोव्यात सॅन स्टॉर्म बनली, अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने रोडस्टर बनवली. फार खपल्या नाहीत, पण ज्यांच्याकडे आहेत ते त्या विकायलाही तयार नसतात.

या गाड्यांची ताकद सरळ रस्त्यावर दिसत नाही. वेग वाढला की सगळा मुकाबला हवेशी असतो आणि हवेला तुमच्या गाडीच्या वजनाशी देणंघेणं नाही. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे वेग दुप्पट तर ताकद आठपट. त्यात छत उघडं असलं की गाडी हवेत छत्रीसारखी अडते. भाच्याने एक्झॉस्टवर घातलेला प्रत्येक रुपया या लढाईत जाणार होता.

इंदूरकर म्हटला की इथे हटकून एक मुद्दा काढतो: "पण भिया, आपल्याकडे पीथमपूरला नॅट्रॅक्स आहे ना!" आहे. २०२१ च्या जूनमध्ये तिथल्या ११.३ किलोमीटरच्या हाय-स्पीड ट्रॅकचं उद्घाटन झालं आणि आशियातला सर्वांत लांब म्हणून त्याचा गवगवा झाला. पण एक तर ती गाड्यांच्या चाचण्यांची जागा आहे, हौशी मंडळींच्या ट्रॅक डेची नव्हे. आणि दुसरं म्हणजे तिथलं गणितच उलटं आहे. त्या लंबगोल ट्रॅकची वळणं अशा उताराने बांधली आहेत की ताशी २५० किलोमीटर वेगाला टायरवर आडवा जोर जवळजवळ पडतच नाही. याला न्यूट्रल स्पीड म्हणतात. वळण आहे, पण टायरला ते कळत नाही. कारीसारख्या २.१ किलोमीटरच्या ट्रॅकवर याच्या नेमकं उलट घडतं. तिथे सगळं ओझं टायर वाहतो, आणि त्यामुळे सगळे सेकंदही टायरपाशीच मिळतात.

टायर रस्त्याला किती टेकतो? साधारण तळहाताएवढा. चार चाकं, चार तळहात, आणि त्यांवर सातशे किलो. ब्रेक लावा, वळा, अ‍ॅक्सिलरेटर दाबा, जे काही कराल ते या चार तळहातांच्या पकडीतूनच करायचं. ही पकड म्हणजे घरात येणारा एकच पगार समजा. ब्रेक, वळण आणि वेग हे तिघं त्यातून खर्च मागतात. सगळा पगार ब्रेकवर उडवला तर वळायला काही उरत नाही. तशात स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी गाडी सरळच जाते. यालाच अंडरस्टिअर म्हणतात, आणि नवशिक्याला वाटतं की गाडीत खोट आहे.

पण हा पगार घरच्या पगारापेक्षा जरा उदार आहे. ब्रेक आणि वळण या दोन जोरांच्या दिशा एकमेकींशी काटकोनात असतात, त्यामुळे त्यांची बेरीज साधी नसते, पायथागोरसची असते. शाळेतला तीन-चार-पाचचा त्रिकोण आठवा. पकडीचा ८० टक्के भाग ब्रेकला दिला तर वळायला २० टक्के उरतात असं नाही, तब्बल ६० टक्के उरतात. उलट, वळायला ८० दिले की ब्रेकला किंवा वेगाला ६० उरतात. ट्रॅकवरचे जाणते आणि नवखे यांच्यातला फरक बराचसा या एका त्रिकोणात आहे. नवखा आधी पूर्ण ब्रेक लावतो, मग सोडतो, मग वळतो, मग अ‍ॅक्सिलरेटर देतो. चार कामं, एकामागून एक, आणि प्रत्येक वेळी थोडा पगार न वापरता बुडतो. जाणता माणूस एक काम उतरवता उतरवता दुसरं चढवतो.

आता रेषेकडे वळू. ट्रॅकवाले तिला लाइन म्हणतात. वळणावरचा वेग त्रिज्येवर ठरतो, आणि त्यात वजन येतच नाही. समजा काटकोनी वळण आहे, आतल्या कडेची त्रिज्या १५ मीटर, ट्रॅकची रुंदी १० मीटर. बऱ्या टायरची पकड त्यावरच्या वजनाइतकीच आहे असं धरू. आपण शिस्तशीर नागरिकासारखे ट्रॅकच्या मधोमध वळलो तर त्रिज्या २० मीटर आणि वेग ताशी ५० किलोमीटर. आता बाहेरच्या कडेने आत शिरा, मध्यावर आतली कड शिवा आणि बाहेर पडताना पुन्हा बाहेरच्या कडेपर्यंत गाडी जाऊ द्या. गाडीची रुंदी वजा केली तरी त्रिज्या ४४ मीटर होते आणि वेग ताशी ७५. तीच गाडी, तेच टायर, तोच ट्रॅक, आणि ताशी पंचवीस किलोमीटर फुकट. एवढा फायदा कुठलाही टर्बो देणार नाही.

भाचा कडेपर्यंत जात नव्हता. दोन्ही बाजूंना मीटर-दीड मीटर जागा सोडत होता. विचारलं तर म्हणाला, "भीती वाटते." हे उत्तर प्रामाणिक होतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. आयुष्यभर आपण कडेला गाय, खड्डा नाहीतर उभी रिक्षा असणार असं धरूनच गाडी चालवलेली असते. ट्रॅकवर कड ही वापरायची जागा आहे, हे अंगात भिनायला दोन-तीन पाळ्या जातात.

कड शिवण्याच्या त्या बिंदूला अपेक्स म्हणतात. भूमितीप्रमाणे तो वळणाच्या मध्यावर येतो. पण ज्या वळणानंतर लांब सरळ पट्टा असेल तिथे तो मुद्दाम थोडा पुढे ढकलायचा, म्हणजे उशिरा आत शिरायचं. शिरताना वेग थोडा कमी ठेवावा लागतो, पण बाहेर पडताना गाडीचं तोंड लवकर सरळ होतं आणि अ‍ॅक्सिलरेटर लवकर देता येतो. लवकर आत शिरलात तर अपेक्सपर्यंत फार मस्त वाटतं, आणि त्यानंतर ट्रॅक संपतो. ट्रॅकबाहेरच्या मातीत फसलेल्या गाड्यांमध्ये निम्म्याहून अधिक अशाच लवकर शिरलेल्या असाव्यात, असा माझा कयास आहे.

इथे जरा हिशोब करू, कारण ट्रॅक डेवाल्यांचा सर्वांत आवडता गैरसमज इथेच आहे. तो म्हणजे, वेळ ब्रेक उशिरा लावून वाचतो. समजा तुम्ही ताशी १६० ने येताय आणि वळणावर ७५ वर यायचंय. ब्रेक पाच मीटर उशिरा लावला, बाकी सगळं तसंच जमलं, तर ते पाच मीटर तुम्ही मंद वेगाऐवजी पूर्ण वेगाने काटले. फायदा किती? सुमारे ०.१३ सेकंद. आणि त्यासाठी पोटात गोळा.

आता उलट बाजू. वळणातून ७५ ऐवजी ८० ने बाहेर पडलात आणि पुढे ४०० मीटरचा सरळ पट्टा आहे. गाडी दर सेकंदाला ताशी सात-सव्वासात किलोमीटरने वेग घेते असं धरा. फायदा होतो ०.३६ सेकंद. जवळजवळ तिप्पट, आणि पोटात गोळा वगैरे काही नाही. कारण वळणाच्या तोंडाशी मिळवलेला वेळ तिथेच संपतो. वळणातून बाहेर पडताना मिळवलेला वेग मात्र संपूर्ण सरळ पट्टाभर तुमच्याबरोबर येतो. म्हणून ट्रॅकवरची सगळी वळणं सारखी महत्त्वाची नसतात. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर सोळा वळणं आहेत. त्यातलं तिसरं वळण मंद आहे, पण त्यापुढे किलोमीटरभराहून लांब सरळ पट्टा आहे. ५.१२५ किलोमीटरच्या त्या फेरीत मला एकच वळण शिकवायची परवानगी मिळाली तर मी तेच शिकवीन. बाकीच्या पंधरांचं नंतर बघू.

कोइम्बतूरच्या त्या काकांनी हेच केलं होतं. भाच्याच्या गाडीवर लावलेल्या कॅमेऱ्यात ते स्पष्ट दिसतं. वळणाच्या तोंडाशी भाचा त्यांच्या अगदी मागे येऊन टेकतो, वाटतं आता गेलाच पुढे. आणि बाहेर पडताना हॅचबॅक अलगद दूर जाते. काकांची गाडी मध्यावर आली की त्यांचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर असतो, आणि भाचा तेव्हा अजून स्टिअरिंगशी भांडत असतो.

भांडण का होतं? इथे वजन येतं. तुम्ही इंदूरच्या दूधवाल्यांना मोटरसायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन लटकवून जाताना पाहिलंय. अर्धवट भरलेला कॅन घेऊन तो कधी करकचून ब्रेक लावत नाही. दूध एकदम पुढे आलं की मागचं चाक हलकं होतं, हे त्याला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नसतं. मोटारीचंही तसंच आहे, फक्त दूध दिसत नाही. सातशे किलोची गाडी, दोन चाकांच्या आसांमध्ये २.३ मीटर अंतर, वजनाचा मध्य जमिनीपासून ४५ सेंटिमीटर. जोरात ब्रेक लावला की सुमारे १२३ किलो भार मागच्या चाकांवरून पुढच्या चाकांवर जातो. आधी पुढे ३५० आणि मागे ३५० असेल, तर आता पुढे ४७३ आणि मागे २२७. अशा वेळी वळताना घाबरून अ‍ॅक्सिलरेटर पटकन सोडला, किंवा वळणात अर्धवट असताना ब्रेकवर पाय मारला, की हलकी झालेली मागची बाजू सुटते आणि गाडी स्वतःभोवती फिरते. हलकी गाडी हे सगळं फार झपाट्याने करते. तिचा निरोप लवकर येतो, तशी शिक्षाही लवकर होते.

हाच भार कामाला लावायची युक्ती म्हणजे ट्रेल ब्रेकिंग. सरळ असताना ब्रेक जोरात लावायचा आणि वळायला सुरुवात केल्यावर एकदम न सोडता हळूहळू उतरवत न्यायचा, अपेक्सपर्यंत. पुढच्या चाकांवर थोडा भार राहतो, त्यामुळे ती चाकं वळण चांगलं पकडतात. मघाचा ८०-६० चा त्रिकोण इथे प्रत्यक्ष वापरला जातो. पाय ब्रेकवरून किती हळू सुटतो यावर सगळं अवलंबून आहे. पेटीचा भाता पाहिलाय ना? सूर तुटू न देता हवा सोडत जायची, तसं काहीसं. हे पहिल्या दिवशी करू नका. पहिल्या दिवशी सरळ रस्त्यात ब्रेक संपवा, वळणात पाय शांत ठेवा.

वजन जर वळणाच्या सूत्रात येतच नाही, तर मग हलकी गाडी वळणात वेगवान का? हा प्रश्न भाच्याने विचारला आणि मला बरं वाटलं. कारण सूत्र थोडी लबाडी करतं. ते धरून चालतं की टायरवर दुप्पट भार दिला की दुप्पट पकड मिळते. रबर तसं वागत नाही. भार दुप्पट केला की पकड वाढते, पण दुपटीपेक्षा कमी. प्रत्येक जादा किलो आधीच्या किलोपेक्षा कमी पकड देतो. म्हणून जड गाडी टायर रुंद करत बसते आणि तरी तिची बरोबरी होत नाही. वळताना भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातो तेव्हाही हेच नुकसान होतं. आतल्या टायरचं जेवढं जातं तेवढं बाहेरच्याला मिळत नाही. गाडी हलकी आणि बुटकी असेल तर हा तोटा कमी.

वजनाचा दुसरा मोठा हिशोब ब्रेकचा. त्यात मी एकोणतीस वर्षं पीथमपूरला घालवली आहेत, ब्रेकचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, त्यामुळे इथे थोडा रेंगाळणार. ब्रेक गाडी थांबवत नाही, तो वेगाची उष्णता करतो. सातशे किलोची गाडी १६० वरून ७५ वर आणली की जी उष्णता निघते तिच्यात साधारण पावणेदोन लिटर पाणी माठातून काढून उकळता येईल. गाडी चौदाशे किलोची असेल तर साडेतीन लिटर. एका फेरीत असा ब्रेक चारदा लागला आणि पाळीत दहा फेऱ्या झाल्या, तर हलक्या गाडीतही सत्तर लिटर पाणी उकळलं. लग्नघरच्या चहाचं पातेलं म्हणा ना. ही सगळी उष्णता चार डिस्कमधून, म्हणजे चाकांबरोबर फिरणाऱ्या तबकड्यांमधून, हवेत जायला हवी. ती गेली नाही तर डिस्कला आवळणाऱ्या पॅडमधून त्यांना धरणाऱ्या कॅलिपरमध्ये आणि तिथून पेडलचा जोर चाकापर्यंत नेणाऱ्या ब्रेक ऑइलमध्ये उतरते.

आणि ब्रेक ऑइल पाणी पितं. नेहमीचं डॉट ४ प्रतीचं ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, तो त्याचा स्वभाव आहे. नवं असताना ते किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळायचं नाही, असा नियम आहे. ओलावा मुरलेल्यासाठी तीच मर्यादा १५५ वर येते. दोन पावसाळे काढलेल्या गाडीत ते मुरलेलं असतं. ते उकळलं की पाइपात वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मग पाय खाली जातो, पेडल खाली जातं, गाडी पुढेच जाते.

हे मला कसं माहीत ते सांगायला हवं. फार वर्षांपूर्वी मद्रासजवळच्या ट्रॅकवर मी माझी स्वतःची गाडी नेली होती. मनात होतं, ब्रेकवाला माणूस आहे, माझे ब्रेक काय जाणार! ऑइल तीन वर्षांचं होतं. सहाव्या फेरीत पेडल थेट फरशीला टेकलं. पुढे मोकळी जागा होती म्हणून मातीत जाऊन थांबलो, हेल्मेटच्या आत कुणाला तोंड दिसत नव्हतं हे नशीब. कारखान्यात ही गोष्ट मी निवृत्त होईपर्यंत कुणाला सांगितली नाही. तेव्हा ट्रॅकवर जाण्याआधी काही एक करायचं असेल तर ताजं ऑइल भरा, आणि जमलं तर उष्णता सहन करणारे पॅड टाका. एक्झॉस्टच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे.

टायरच्या हवेबद्दल थोडक्यात. सकाळी ३० अंशाला टायरमध्ये ३० पीएसआय हवा भरली आणि चार फेऱ्यांनंतर आतली हवा ७० अंशांवर गेली, तर दाब ३६ च्या आसपास जातो. टायर फुगून मधोमध टेकतो, तळहाताचा चमचा होतो. म्हणून हवा गरम असताना मोजायची आणि पाळी संपल्या संपल्या जास्तीची काढायची. हलक्या गाडीला जड गाडीपेक्षा कमी दाब चालतो, त्यामुळे दुसऱ्याचा आकडा उचलू नका. आणि संध्याकाळी घरी निघताना पुन्हा भरायला विसरू नका, कारण टायर थंड झाला की काढलेली हवा आठवते.

गाडी आणखी हलकी करण्याचं खूळ भाच्याला आहेच. स्टेपनी काढली, जॅक काढला, कार्पेट काढलं. ठीक आहे. त्यातही चाकं आणि डिस्क यांचं वजन कमी करणं जास्त फळतं, कारण ते स्प्रिंगच्या खाली असतं आणि खडबडीत जागी टायर रस्त्याला चिकटून राहायला मदत होते. पण सातशे किलोच्या गाडीत चालकाचं वजनही दहा टक्क्यांहून जास्त भरतं. रविवारच्या पोह्यांबरोबर येणाऱ्या जलेबीचा विषय मी काढला, त्याने बदलला.

मोजल्याशिवाय सुधारणा होत नाही, हे मात्र त्याला लगेच पटलं, इंजिनिअर असल्यामुळे. फोनमधलं जीपीएस साधारण सेकंदाला एकदाच जागा टिपतं. ताशी शंभरच्या वेगाला एका सेकंदात गाडी २८ मीटर जाते, म्हणजे अख्खं वळण दोन टिंबांमध्ये हरवतं. सेकंदाला दहा वेळा टिपणारं छोटं यंत्र मिळतं, त्यात तीन मीटरच्या आत जागा कळते. त्याने ते आणलं आणि दुसऱ्या खेपेला वेगाचा आलेख समोर ठेवला तेव्हा सगळा उलगडा झाला. प्रत्येक वळणाआधी अ‍ॅक्सिलरेटर सोडणं आणि ब्रेक लावणं यांच्यामध्ये जवळजवळ एक सेकंद तो काहीच करत नव्हता. पाय हवेत, गाडी आपली घरंगळते आहे. बाहेर पडतानाही तेच. असा प्रत्येक वळणावर सांडलेला वेळ गोळा केला तर एक्झॉस्ट, एअर फिल्टर आणि स्टिकर या सगळ्यांनी मिळून दिला नसता एवढा होत होता.

त्याच्या दहा फेऱ्यांत सर्वांत जलद आणि सर्वांत मंद यांत चार सेकंदांचा फरक होता. हा आकडा मला त्याच्या सर्वोत्तम फेरीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. दहा फेऱ्या अर्ध्या सेकंदाच्या आत येत नाहीत तोवर गाडीत काही बदलून उपयोग नाही, कारण झालेला फरक बदलाचा की चालकाचा हे कळणारच नाही. एका पाळीत एकच वळण सुधारायला घ्यायचं, बाकी तसंच चालवायचं.

आणि नजर. नवखा माणूस बॉनेटच्या पुढे वीस मीटरवर बघतो. ब्रेक लावेपर्यंत डोळ्यांनी अपेक्स शोधावा, अपेक्सला पोहोचायच्या आत नजर बाहेर पडण्याच्या जागी गेलेली असावी. हात नजरेच्या मागे जातात. भाच्याला मी यासाठी आधी कार्टिंगला पाठवलं. कार्ट म्हणजे छोटी उघडी गाडी, जवळजवळ जमिनीला टेकलेली, सस्पेन्शन नाही, खर्च थोडा. एका तासात तिथे जेवढी वळणं मिळतात तेवढी मोठ्या ट्रॅकवर दिवसभरात मिळत नाहीत. एकाच पायाने ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर सांभाळणं, म्हणजे हील-टो वगैरे, नंतर शिकता येतं.

एक गोष्ट त्याने केली आणि मी चिडलो. सरावासाठी म्हणून पहाटे जाम गेटच्या घाटात गेला. तिथे ट्रॅकवरच्यासारखा लक्ष ठेवणारा मार्शल नसतो, त्याचा झेंडा नसतो, समोरून येणारा दुधाचा टेम्पो असतो. वर सांगितलेली संपूर्ण लाइन, कडेपासून कडेपर्यंत, समोरून कुणी येत नाही या एकाच भरवशावर काढलेली आहे. घाटात तो भरवसा नसतो. त्याच्या आईला मी अजून सांगितलेलं नाही, पण हे वाचून तिला कळेल.

त्यानंतरच्या खेपेला त्याची फेरी पहिल्या खेपेपेक्षा साडेतीन सेकंदांनी कमी झाली. एक्झॉस्ट जुनाच. बदललं होतं ते ब्रेक ऑइल, पॅड आणि पायांची सवय. काका त्या दिवशी आले नव्हते, त्यामुळे तो हिशोब बाकी आहे.

शेवटची फेरी निम्म्या वेगाने, ब्रेक जवळपास न वापरता काढायची, म्हणजे डिस्क थंड होतात. आणि पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करायच्या जागी, आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही. तापलेले पॅड तापलेल्या डिस्कवर आवळून ठेवले की डिस्कवर डाग धरतो आणि पुढच्या वेळी पेडल थरथरतं. गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाला काहीतरी अडवण लावायची. स्टेपनी, जॅक आणि कार्पेट काढून किलो किलो वाचवणारा आमचा भाचा आता त्या गाडीतून इंदूरहून एक वीट घेऊन जातो. पोर्चच्या बांधकामातली उरलेली. वजन तीन किलो, मी काट्यावर मोजली.